आडाची निळी रेघ

बटण पल्लवीनंच दाबलं, त्यामुळे दोष द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं. हिंगोलीतली शनिवारची सकाळची शाळा, नववीचा वर्ग, भिंतीवर ठोकलेला मोठा डिजिटल फळा आणि फळ्यावर जमिनीचा उभा काप. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, त्याखाली काळा पाषाण आणि मुरमाच्या पोटातून आडवी गेलेली एक निळी रेघ. ही रेघ म्हणजे जमिनीतलं पाणी. बोटानं पाऊस कमीजास्त करायचा, विहीर ओढून पाहिजे तिथं ठेवायची, बोअर पाडायचा, पंप चालू करायचा आणि रेघेचं काय होतं ते बघायचं. प्रशिक्षणात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पल्लवी लहान पोरीसारखी हरखली होती. भूजलाचा धडा ती वर्षानुवर्षं खडूनं रेघोट्या ओढून शिकवत आली होती आणि पोरं तितक्याच निष्ठेनं जांभया देत आली होती. आज मात्र पोरं बाकांवर चढायचीच बाकी होती. कुणी कयाधू नदी कोरडी करत होतं, कुणी भर मार्चात महापूर आणत होतं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, तुमच्या गावचं करा ना!" आणि पल्लवी खुलली. तसंही सकाळपासून तिच्या डोक्यात गावच होतं. तिनं चढाला गावातल्या व्यंकटरावांचा मळा धरला, उताराला वस्ती धरली, वस्तीत एक आड ठेवला आणि घरात ऐकत आलेली गोष्ट रंगवून सांगायला सुरुवात केली. दुष्काळ पडला, आमच्या वस्तीचा आड आटला, मग एका भल्या माणसानं आपल्या मळ्यात बोअर पाडला आणि नळी टाकून वस्तीला पाणी दिलं. सांगता सांगता तिनं पाऊस अगदी कमी केला. "बघा हं, आता आड आटेल." रेघ खाली उतरली, आडाच्या तळाच्या थोडी वर येऊन थांबली आणि तिथून हलेना. पोरं वाट बघत राहिली. "आमचा आड हट्टी दिसतोय," असं म्हणून पल्लवी हसली आणि गोष्ट पुढं न्यायची म्हणून तिनं बोअर पाडून पंपाचं बटण दाबलं. परातीतल्या पिठात पाण्यासाठी खळगा करावा तसा त्या रेघेत खळगा पडला. खळगा रुंद होत होत उतारानं खाली आला, आडाच्या बुडाखालून गेला, आणि आड वर कोरडा लटकत राहिला.

"मॅडम," पहिल्या बाकावरची ऐश्वर्या म्हणाली. तिच्या आवाजात खोट काढण्याचा भाव मुळीच नव्हता, ती खरोखर गोंधळली होती. "तुमी म्हणल्या आड आटला म्हणून बोअर पाडला. पण आड तर बोअरनंच आटला की." पल्लवीनं फळ्याकडं पाहिलं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं तिला झालं. "चुकून झालं ते," ती म्हणाली, आणि तिचं बोट आपोआप 'पुन्हा सुरू करा' या चौकोनावर गेलं. रेघ सरळ झाली, आडात पाणी आलं, बोअर नाहीसा झाला. तेवढ्यात घंटा झाली. पोरं दप्तरं उचलून पळाली. चुकून काहीच झालं नव्हतं, हे तिला ते बोलतानाच ठाऊक होतं. वर्गासमोर उभं राहून ती आजवर पुष्कळदा चुकली होती, पण खोटं बोलली नव्हती.

स्टाफरूममध्ये चहा आला, तो हातातच निवला. फोन वाजला तो वडिलांचा. रामजी फोनवर असे बोलत की जणू मधल्या शेतांच्या पलीकडून हाक मारायची आहे. "जय भीम, बाई. निघाली का?" निघते, असं ती म्हणाली. "लौकर ये. भाषण बसवलंय म्या. तू ऐकायचं अन् चूक काढायची. उद्या समद्या गावासमोर बोलायचंय, हसू नाही झालं पाह्यजे." उद्या व्यंकटरावांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि गाव त्यांचा सत्कार करणार होतं. वस्तीच्या वतीनं रामजी बोलणार होते. आठ दिवसांपासून त्यांना दुसरा विषय नव्हता. पल्लवीनं त्यांच्यासाठी पांढराशुभ्र नेहरू शर्ट शिवून घेतला होता, तो पिशवीत होता. सासरी तिनं, नवऱ्याला, प्रेमानंदला, ड्यूटी असल्यामुळं आपण एकटीच जातो, असं सांगून ठेवलं होतं. सगळं कसं व्यवस्थित ठरलेलं होतं. आणि आता त्या पिशवीकडं बघवेना.

सेनगावच्या बाजूला जाणारी बस मिळाली, खिडकी मिळाली. बाहेर रस्त्याकडेच्या शेतांत हळद शिजत होती, तिचा ओला, मातकट, गोडसर वास गाडीत भरून राहिला होता. एरवी या वासानं तिला घरी निघाल्यासारखं वाटायचं. आज तिचं मन वकिली करत सुटलं. मॉडेल म्हणजे काही पंचनामा नव्हे. मुरमाची जाडी तिनं अंदाजानं धरली होती, उतार अंदाजानं, बोअरचं अंतर तर अगदीच मनचं. फळ्यावरच्या रेघेला काय ठाऊक आमचं गाव? तिनं पर्समधून मोबाइल काढला. तेच सॉफ्टवेअर तिनं मोबाइलवरही घेऊन ठेवलं होतं. मुरूम जाड करून पाहिला, बोअर लांब सरकवून पाहिला, पाऊस आणखी घटवला. कधी आड लगेच आटे, कधी सावकाश आटे. बोअर फारच लांब नेला तर आटत नसे, पण तितक्या लांब व्यंकटरावांचा मळाच नव्हता. शेवटी तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि चेन लावली, जणू आतलं काही बाहेर येईल.

तो आड साधा आड नव्हता. गावाच्या विहिरीवर वस्तीला पोहरा टाकू देत नसत त्या काळात पल्लवीच्या आजोबांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या माणसांनी तो खणला होता. दिवसा दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि उरलेल्या वेळात आपला आड खणायचा. लहानपणी तिला वाटे, जगात सगळ्यांच्या आजोबांनी एकेक आड खणलेला असतो. आडाच्या काठाशी वाकलं की खालून आपलाच आवाज वर येई आणि गालाला गारवा लागे. ती दुसरीत असताना तो आड आटला. पोहरा तळाला आपटून रिकामा वर येतो तो ठणका तिला अजून आठवत होता, आणि त्या आवाजाबरोबर मायचा चेहराही. मग व्यंकटरावांनी पाणी दिलं. खरोखर दिलं, यात तिळभर खोटं नव्हतं. भावकीनं नाकं मुरडली, घरात भांडणं झाली, तरी त्या माणसानं आपल्या मळ्यातून वस्तीपर्यंत नळी टाकली, आणि तोटी बसवली त्या दिवशी वस्तीत बसून, वस्तीच्या पेल्यानं, तेच पाणी प्यायला. रामजी ही गोष्ट सांगत तेव्हा इथं थांबत. पेला कसा वर केला ते हातानं दाखवत. उभ्या आयुष्यात कुणाला मालक न म्हणालेला हा माणूस व्यंकटरावांना मात्र अण्णा म्हणू लागला तो तेव्हापासून. आणि कोरडा आड उघडा ठेवून काय करायचा, एखादं लेकरू पडायचं, म्हणून वस्तीनं तो बुजवला. दगड, माती, पडक्या भिंतींचा राडा, सगळं आत. पहिलं टोपलं रामजींनी टाकलं. वर ओटा बांधला, ओट्यावर तोटी आणली आणि एक दगडी पाटी बसवली. पाटीवरचा मजकूर रामजींनी सांगितला, गवंड्यानं कोरला: 'व्यंकटराव अण्णांनी पाणी दिले. वस्ती ऋणी आहे.' विहारात जाताना पायातलं काढणारे रामजी त्या ओट्यावर चढतानाही चपला काढू लागले. पुढं सरकारी नळयोजना आली, व्यंकटरावांच्या मळ्यात शेततळं झालं, बोअरची मोटार जळाली ती कुणी बसवली नाही. तोटीला दुसरंच पाणी येऊ लागलं. चपला मात्र उतरतच राहिल्या.

आणि मग, बस एका खड्ड्यातून उसळली तेव्हा, तिला भुकटी आठवली. राखाडी, पिठासारखी बारीक, गरम दगडाचा वास येणारी भुकटी. बोअरची गाडी मळ्यात उभी होती, तिच्या आवाजानं पत्रे थरथरत होते आणि वस्तीतली सगळी पोरं शाळा सोडून तिथं जमली होती. पाषाण फोडून यंत्र भुकटी हवेत फेकत होतं आणि वारा ती उतारानं वस्तीवर आणत होता. पोरं भुतासारखी झाली होती. पल्लवी नाचत घरी आली तेव्हा माय दाराशी उभी होती, मायच्या केसांवर, भुवयांवर भुकटी, आणि माय चिडायची सोडून हसत होती. मग मायनं केस सोडले, ओणवी झाली, आणि पल्लवीनं तिच्या डोक्यावर तांब्यानं पाणी ओतलं. कुठलं पाणी? तिच्या तळहाताला तांब्याचा गारवा आत्ता, या बसमध्ये, हळदीच्या वासात जाणवला. ते आडाचं पाणी होतं. बोअर अजून पाडलाच जात होता आणि आडात डोकं धुण्याइतकं पाणी होतं! आटलेल्या आडाच्या वस्तीत कोण बाई डोक्यावरून पाणी ओतेल? पल्लवीनं पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं बाई? गाडी लागली का?" तिनं मान हलवली. तिला त्या ऐश्वर्याचा राग आला, मग त्या रागाची लाज वाटली. तीस वर्षं अख्ख्या वस्तीनं आधीचं नंतर आणि नंतरचं आधी करून ठेवलं होतं. कुणी सांगितलं होतं असं करायला? कुणीच नाही. उपकाराची गोष्ट तशी नीट बसते, म्हणून ती तशी बसली. आणि तिनं स्वतः, एम.एस्सी. झालेल्या मास्तरणीनं, ती अनेक वर्गांना सांगितली.

फाट्यावर उतरून चालताना तिनं ठरवलं की सांगायचं नाही. निदान उद्यापर्यंत नाही. सत्तरीच्या माणसाच्या पायाखालची जमीन काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? बाबांच्या आयुष्यात अभिमानाच्या जागा मोजक्याच होत्या. लेक शिकली ही एक आणि वस्तीला पाणी आणलं ही दुसरी. वस्तीच्या तोंडाशी ओटा आला. तोटी गळत होती, पाटीची अक्षरं दरवर्षीसारखी पांढऱ्या रंगानं उजळली होती. ओट्याला वळसा घालून ती गेली. आपण एका बुजवलेल्या माणसाच्या शेजारून जातोय असं तिला वाटलं आणि तिनं पावलं झपझप उचलली.

रामजी अंगणात बाजेवर बसले होते. तिनं पिशवी दिली, त्यांनी कापडावरून हात फिरवला, घडी तशीच ठेवली. मायनं, कमलबाईंनी, पाणी आणलं. पाण्याचा पेला पल्लवीला धरवेना. आणि रामजींनी तोच प्रश्न विचारला जो ती नोकरीला लागल्यापासून ते दर भेटीत विचारत आले होते. स्वतः चौथीतून काढून गुरांमागं लावलेला हा माणूस लेकीच्या शाळेतून थोडी थोडी शाळा घरी मागवत असे. "आज काय शिकवलं?" या प्रश्नाचं उत्तर ती नेहमी खुलवून देई. ग्रहण कसं लागतं, लोखंड काहून गंजतं, सगळं तिनं या बाजेवर शिकवलं होतं. "आज विशेष काही नाही, बाबा," ती म्हणाली. रामजींनी तिच्याकडं पाहिलं. "नववीला भूजल चालू हाय म्हणली होती ना तू? ते बोटानं पाणी हलवायचं?" म्हणजे त्यांना आठवत होतं. "दाखीव की. उद्या भाषणात घालता आलं तर घालीन म्या."

टाळाटाळ करायची म्हणून तिनं मायकडं पाहिलं आणि भलतंच विचारून बसली. "माय, बोअर पाडला तेव्हा भुकटी उडाली होती, आठवतंय?" कमलबाई शेंगा फोडत होत्या, त्या हसल्या. "न आठवाया काय झालं? डोस्क्यात सिमेंट बसल्यावानी बसली होती. आडावरून दोन घागरी शेंदल्या अन् तूच तांब्यानं ओतल्या माझ्या डोक्यावर." शेंग फुटली, दाणे सुपात पडले. त्यांना आपण काय बोललो याचा पत्ता नव्हता. रामजींना मात्र लागला असावा, कारण त्यांचा कापडावरचा हात थांबला. "दाखीव," ते परत म्हणाले, पण आता आवाज वेगळा होता.

तिनं दाखवलं. खोटं रेटून न्यायला ती शिकलीच नव्हती, निदान या बाजेवर बसून. मळा, उतार, वस्ती, आड. पाऊस कमी केला. "ही रेघ म्हणजे पाणी," ती म्हणाली, "इथंपर्यंत उतरलं असेल त्या साली." रामजींनी चष्मा पुसून घातला. मग तिनं बोअर पाडला आणि पंपाचं बटण त्यांनाच दाबायला दिलं, कारण ते आपल्या बोटानं दाबायची तिची छाती झाली नाही. जाड, भेगा पडलेलं बोट काचेवर टेकलं. खळगा पडला. उतारानं खाली आला. आड कोरडा झाला. रामजींनी बोट झटकन मागं घेतलं, चटका बसावा तसं. "बंद कर," ते म्हणाले. तिनं पंप बंद केला. खळगा हळूहळू भरत आला, रेघ वर चढली, आणि आडाच्या तळात निळा ठिपका दिसला. "आलं?" त्यांनी विचारलं. "परत आलं?" "हो बाबा. पंप बंद झाला की काही दिवसांनी येतं." त्यांनी स्वतःच परत बटण दाबलं. आटला. बंद केलं. भरला. पुन्हा दाबलं. पाचसहा वेळा त्यांनी आपला आड आटवला आणि भरला, आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा थोडा थोडा रिकामा होत गेला. पल्लवीला मोबाइल हिसकावून घ्यावासा वाटला. "बाबा, हा नुसता अंदाज असतो," ती म्हणाली. "तसंच झालं असेल असं नाही."

"तसंच झालं," रामजी म्हणाले. "तुला ठाव न्हाई. पाणाड्या आणला होता अण्णानं, पाण्याची जागा पाहायला. चार ठिकाणी नारळ धरून फिरला, त्याला घावंना. मंग त्यानं इचारलं, जवळपास पाणी कुठं हाय? म्या होतो तिथं. म्या म्हणलं, आमच्या आडाला हाय, उन्हाळाभर ऱ्हायतं. लई अभिमानानं म्हणलं, बाई. त्याला दोरीला धरून म्याच आडात उतरवलं. झरा कोणत्या अंगानं येतो तेबी म्याच दाखवलं. चढाच्या अंगानं येतो, म्हणलं." कमलबाईंचं सूप थांबलं. "तिथून वर बराबर चालत गेला त्यो, अन् मळ्यात उभा ऱ्हायला." त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. बसमधून येताना पल्लवीनं जे जे भय कल्पिलं होतं, त्यात हे नव्हतं. "अण्णांना ठाऊक असेल का?" तिनं विचारलं. रामजींनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. "पाण्याचा पेला वर केला तवा त्याचे डोळे भरले होते. ते काहून भरले, देव जाणे. त्याचं त्यालाच ठाव. मला माझं ठाव हाय. झरा म्या दाखवला, अन् बुजवलाबी म्याच." मग एकदम त्यांनी वर पाहिलं. "बोअर बंद पडून कैक वर्सं झाली. म्हणजे खाली पाणी आलेलं हाय. व्हय का न्हाई? आपल्या ओट्याखाली पाणी हाय अन् आपुन वरून चपला काढून राहिलो."

ते उठले. गोठ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी पहार काढली. कमलबाई घाबरून म्हणाल्या, "अवं, कुठं निघाले? उद्याचं भाषण हाय ना?" "भाषण हायच," रामजी म्हणाले. "बसवलेलं न्हाई, दुसरं. पण ते तिथंच करीन, आडापाशी. ज्याला ऐकायचं त्यानं यावं. अण्णानंबी यावं. खुर्ची मांडू त्याला." पल्लवी मागोमाग गेली. ऊन कलतं होतं, वस्तीतली दोनचार माणसं दारात येऊन उभी राहिली. ओट्याजवळ पोचल्यावर रामजींनी सवयीनं चपला काढल्या, नेहमीच्या जागी नीट जोडून ठेवल्या आणि पायरीवर पाय टाकला. मग थांबले. मागं वळून त्या चपलांकडं पाहत राहिले. पहार ओट्याला टेकवून खाली आले, एक चप्पल घातली, दुसरी घातली, आणि चपला घालून वर चढले. तीस वर्षांत ते पहिल्यांदा. दारात उभ्या असलेल्यांपैकी कुणाच्या तरी तोंडून "आरं!" असं निघालं.

"पल्लवी," त्यांनी वरून हाक मारली. आवाज शेतापलीकडून आल्यासारखाच, पण कापरा. "किती खांदावं लागंल ते बघ त्याच्यात." तिनं मोबाइल उघडला. निळी रेघ तशीच होती, आडात पाणी तसंच होतं. विहीर ठेवता येत होती, काढता येत होती, खोल करता येत होती, बोअर बंद करता येत होता, पाऊस वाढवता येत होता. तिनं एकेक चौकोन दाबून पाहिला. बुजवलेला आड त्यात कुठंच नव्हता. असं कुणी करत असेल हे ते बनवणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं. "यात नाही येत, बाबा," ती म्हणाली, आणि सकाळपासून अडवलेलं रडू तिला तिथं सर्वांदेखत फुटलं.

"मंग न्हाई येत तर न्हाई," रामजी म्हणाले, आणि त्यांनी पहार पाटीच्या बुडाशी घातली.